पेरिप्लस : मूळ मजकूर तीस पानांचा, टिपा दोनशेहून अधिक पानांच्या

नागपूरच्या सीताबर्डीवरील एका दुकानातून ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ (तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या किनाऱ्यांची सफर) या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथाच्या विल्फ्रेड शॉफकृत इंग्रजी भाषांतराची पुनर्मुद्रित प्रत मी गेल्या महिन्यात विकत घेतली. मूळ भाषांतर १९१२ सालचे आहे. ग्रंथ हातात घेताच जाडी पाहून दचकायला होते, पण प्रत्यक्षात मूळ मजकूर जेमतेम तीस पानांत संपतो आणि उरलेला जवळपास सगळा भाग शॉफच्या टिपांनी व्यापलेला आहे.

हा ग्रंथ इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिला असावा, असे मानले जाते. त्याला देवळांचे वा पुतळ्यांचे कौतुक नाही. कोणत्या बंदरात काय विकले जाते, काय घ्यावे, कोणत्या महिन्यात निघावे आणि कुठे गलबत अडकते, एवढेच तो सांगतो, आणि नेमक्या याच रुक्षपणामुळे त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. गुजरातेतील भडोचच्या खाडीचे वर्णन वाचावे : भरती येताना दुरून सैन्याच्या गर्जनेसारखा आवाज ऐकू येतो, ओहोटीला गलबते गाळात बसतात, म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि परदेशी गलबतांना ओढून आत आणतात. हे लिहिणारा माणूस त्या गाळात स्वतः एकदा तरी अडकला असावा, अशी माझी खात्री झाली.

मराठी वाचकासाठी ५० ते ५३ ही प्रकरणे सोन्याची आहेत. ‘दखिनाबदेस’ हे दक्षिणापथाचे, म्हणजे दख्खनचे, नाव देऊन स्थानिक भाषेत दक्षिणेला ‘दखनोस’ म्हणतात, असा अर्थही तो लिहून ठेवतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून अकीक आणि तगरहून साधे व तलम कापड धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जात असे. कल्याण थोरल्या सरगनस या राजाच्या काळात रीतसर बंदर होते, पण पुढे सत्ता बदलल्यावर तिथे चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, ही नोंद सातवाहन आणि क्षत्रप या राजघराण्यांच्या चढाओढीकडे बोट दाखवते. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला आहे. ती चढाओढ इथे चांदीवर दिसते. पेरिप्लसमधील ‘मंबनोस’ नावाचा राजा म्हणजे हाच नहपान, हे मत बहुतेकांनी स्वीकारलेले असले तरी त्याच्या काळावरून संशोधकांत दीर्घकाळ वाद चालला. शॉफने ग्रंथाचा काळ इ.स. ६० च्या आसपास धरला आहे.

विदर्भाचे नाव मी शोधून पाहिले. ते नाही. किनाऱ्यापासून पूर्वेकडे ओसाड प्रदेश, मोठे डोंगर, बिबटे, वाघ, हत्ती, अजस्र साप आणि त्यापलीकडे गंगेपर्यंत अनेक दाट वस्तीचे लोक, एवढ्यावर लेखकाने आपली बोळवण केली आहे. वाघांपुरते तरी नागपूरकरांना त्याला खोटे ठरवता येणार नाही.

आता प्रतीविषयी. कागद बरा आहे, बांधणी चांगली आहे, पण छपाई जुन्या पानांच्या छायाप्रतीवरून केलेली असल्यामुळे टिपांतील ग्रीक अक्षरे कित्येक ठिकाणी पुसट झाली आहेत. घडीचा नकाशा तर एकाच पानात इतका आक्रसला आहे की भिंगाखालीही पैठण सापडत नाही. प्रकाशकाने निदान तेवढा खर्च करायला हवा होता. शॉफच्या टिपा शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत, हेही वाचताना ध्यानात ठेवावे लागते. ज्यांना काटेकोर पाठ हवा, त्यांनी लायनेल कॅसन यांची १९८९ सालची आवृत्ती शोधावी, तिच्यात ग्रीक मूळही समोरासमोर छापलेले आहे.

दुकानदाराने प्रत बदलून देण्याची तयारी दाखवली, परंतु त्याच्याकडच्या दुसऱ्या प्रतीतही नकाशाची हीच गत होती. शेवटी मी माझीच प्रत ठेवून घेतली आणि नकाशाच्या जागी मुलीच्या जुन्या शालेय नकाशासंग्रहातील पान चिकटवून त्यावर भडोच, पैठण आणि तेर पेन्सिलीने जोडून घेतले.