हळदीच्या जुन्या वह्यांसाठी वापरलेले वजन-रूपांतराचे ॲप

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत असून, आजोबांच्या काळातील वह्यांमधील वजने क्विंटल आणि मेट्रिक टनांत मांडण्यासाठी मी मोबाइलवरील एक मोफत ॲप महिनाभर वापरले. पौंडाचे गणित ते अचूक करते, कारण त्यात एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो हे पूर्ण प्रमाण घेतलेले आहे; हंड्रेडवेटचे ५०.८० किलोही बरोबर येतात.

अडचण टनापाशी सुरू होते. नुसता 'टन' निवडला की ॲप अमेरिकी टन, म्हणजे ९०७.१८ किलो धरते, आणि मुंबईला पाठविलेल्या मालाच्या आमच्या पावत्यांवर मात्र १०१६.०५ किलोचा ब्रिटिश टन आहे. पंचवीस टनांच्या एका नोंदीत यामुळे सत्तावीस क्विंटल हळद कागदावरून नाहीशी झाली, आणि चूक सापडेपर्यंत माझे दोन दिवस गेले. ब्रिटिश टनाचा पर्याय यादीत अगदी खाली आहे. तो आठवणीने निवडावा.

मणाबाबत तर अधिकच जपावे लागते. ॲपमधील मण ३७.३२ किलोचा, म्हणजे बंगाली आहे; जुना मुंबई मण २८ पौंडांचा आणि त्याची वीस मणांची खंडी सुमारे २५४ किलोची, म्हणजे अशा चार खंड्यांचा बरोबर एक ब्रिटिश टन होतो. हा मण ॲपमध्ये मुळीच नसल्याने मी आकडे आधी पौंडांत आणून मगच भरले. पाचपैकी तीन तारे देतो. मुंबई मण समाविष्ट झाल्यास चौथा आनंदाने देईन.