मातीचा कंपोस्टर: गोव्यात दोन पावसाळे वापरून झाल्यावर

तीन मडक्यांचा मातीचा कंपोस्टर, म्हणजे घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायची मडकी, ऑनलाइन मागवला होता, साडेतीन हजाराला पडला. दोन पावसाळे काढले त्याने म्हणून आता लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी वाचलेले सगळे रिव्ह्यू पुण्या-बेंगळुरूचे, आपल्याकडे जून ते सप्टेंबर पापड ठेवला तरी तासात मऊ पडतो तिथे हे चालतं का ते कोणी लिहिलंच नव्हतं.

चालतं, पण सुका पाला साठवलेला हवा.

आमचं घर म्हापशाजवळ, माणसं पाच, रोज नारळ खवला जातो आणि आठवड्यातून चार दिवस मासळी. वरच्या मडक्यात ओला कचरा टाकायचा, त्यावर सुकं काहीतरी, भरलं की मधल्याशी अदलाबदल करायची, तेही भरलं की जुना माल खालच्यात ओतून मुरू द्यायचा. वरच्या दोघांना तळ नाही, सुतळीची जाळी आहे. माती पाणी शोषते, भोकांतून वारा जातो, त्यामुळे प्लॅस्टिकच्या बादलीत होतो तसा काळा चिखल होत नाही.

पहिल्या जूनमध्ये माझा पाला संपला आणि आठ दिवसांत असा वास सुटला की सासूबाई म्हणाल्या हे आधी अंगणाच्या टोकाला नेऊन ठेव. झाकणाच्या आतल्या बाजूला अळ्याच अळ्या. अळ्या वाईट नसतात खरं तर, त्याच कचरा खातात, पण एवढ्या वर चढल्या म्हणजे आत ओल फार झालीय. सुताराकडून पोतंभर भुसा आणला (साध्या लाकडाचा, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो), नारळाची सोडणं (वरची सालं) पिंजून घातली, काठीने तळापर्यंत हलवलं आणि मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकेना इतपत झालं तेव्हा थांबले. चार दिवसांत वास गेला. आता एक वाटी ओलं तर एक वाटी सुकं, पावसात थोडं जास्तच.

मासळीचं विचाराल तर सुंगटांची (कोळंबीची) सालं आणि काटे थोडे थोडे मधोमध पुरते, वर जाड थर. आतडी घालत नाही, मांजरं येतात. खत चाळताना बांगड्याचा काटा अख्खा दिसतो पण चिमटीत धरला की भुगा होतो, ते बघायला मला अजून आवडतं.

तक्रार आहे ती सुतळीची. पहिल्याच ऑगस्टमध्ये कुजली, अर्धवट कचरा धपकन खाली. खालचं मडकं तर आलं तेच तडा घेऊन, विकणारे नुसते फोटो मागत राहिले. शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून साधं मडकं आणलं, ते बसलं बरोबर, आणि जाळी नायलॉनच्या दोरीची विणली. नायलॉन मनाला पटत नाही, काथ्याची दोरी किती टिकते ते पुढच्या वर्षी बघणार.

साळगावला २०१६ पासून प्लांट आहे, ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि वीज करतात, चांगलंच आहे, पण नारळाचा चोथा आणि भाजीची देठं ट्रकमधून फिरवायची कशाला, घरामागे माड आहे ना. दोनेक महिन्यांनी टोपलीभर खत निघतं, ते तांबड्या भाजीला (लाल माठाला) आणि मिरच्यांना.

यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये आंबा, फणस, काजूचा पाला सहा पोती भरून पडवीत ठेवला होता, दोन अजून शिल्लक आहेत. आमच्या वाड्यावर लोक तो झाडून पेटवून देतात, धूर दिवसभर घरात. म्हापशाच्या आसपास कोणाला हवा असेल तर फेब्रुवारीत सांगा, पेटवायच्या आधी जाऊन उचलू.