हरिकेनमध्ये हँडल फिरवून चालणारा रेडिओ: एका विश्वासणाऱ्याचे परीक्षण

फ्लॉरिडाच्या वायव्येकडील ‘पॅनहँडल’ नावाच्या भागात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे हँडल फिरवून चालणारा हवामान-रेडिओ असायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे आणि १० ऑक्टोबर २०१८ रोजी पनामा सिटीत हरिकेन मायकल हे चक्रीवादळ सोसल्यानंतर ते झालेले आहे. साधारण ३० ते ६० डॉलरांत मिळणाऱ्या या रेडिओवर एएम, एफएम आणि हवामानाच्या इशाऱ्यांसाठीचा वेदर बँड असे तीन बँड असतात. आत चार्ज होणारी बॅटरी, माथ्यावर लहानसे सोलर पॅनेल, बाजूला घडी होणारे हँडल आणि पुढे टॉर्च, अशी बहुतेक कंपन्यांची रचना सारखीच असते, म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचे नसून या प्रकारच्या रेडिओचे आहे.

वेदर बँड हा या वस्तूचा प्राण आहे. नॅशनल वेदर सर्व्हिस या अमेरिकी सरकारी हवामान संस्थेचे प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या टप्प्यातील सात फ्रीक्वेन्सींवर रात्रंदिवस चालू असते. तेथे बोलणारा आवाज यंत्राचा असतो, त्यात चढउतार नसतो, पण कोणत्या काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला), किती वाजेपर्यंत, कशाचा धोका आहे आणि तुम्ही नेमके काय करायचे आहे, या चार गोष्टी तो सहसा गाळत नाही. ताशी ११५ मैलांहून अधिक वेगाचे वारे तासाभरात येऊन धडकणार असतील, तेव्हाच दिला जाणारा अतितीव्र वाऱ्याचा इशारा आम्ही याच रेडिओवर ऐकला. त्याआधी वाजणारी एकसुरी कर्कश शिट्टी ऐकताच आम्ही घराच्या मधोमध असलेल्या बिनखिडकीच्या कपड्यांच्या खोलीत शिरलो आणि डोक्यावर गादी धरून बसलो. छताचे पत्रे आणि पाइनची झाडे मोडण्याच्या आवाजात रेडिओ कानाला लावावा लागत होता, पण त्याचे शब्द कळत होते. मायकलच्या वाऱ्याचा वेग किनाऱ्याला लागताना आधी ताशी १५५ मैल मानला गेला. पुढे एप्रिल २०१९ मध्ये तो १६० ठरला आणि १९९२ च्या अँड्र्यूनंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आदळलेले हे पहिले पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचे हरिकेन ठरले.

आता उणिवा. हँडल मिनिटभर फिरवले की रेडिओ काही मिनिटे चालतो, हा दावा खरा आहे, पण त्याच हँडलवर मोबाइल चार्ज करण्याची जी जाहिरात असते तिच्यावर विसंबू नये. मनगट भरून येते आणि फोन जेमतेम सुरू होतो. सोलर पॅनेल बॅटरी टिकवून धरण्यापुरतेच उपयोगी आहे. दुसरी गोष्ट खोक्यावर कोणी लिहीत नाही: ओढून लांब करायची अँटेना एफएम आणि वेदर बँडसाठी असते, तर एएमची अँटेना रेडिओच्या पोटात आडवी बसवलेली असते, त्यामुळे एएम स्टेशन खरखरत असेल तर अँटेनाशी झटापट न करता अख्खा रेडिओच हळूहळू फिरवून पाहावा. सर्वांत मोठी उणीव म्हणजे अशा बहुतेक हँडलच्या रेडिओंत आपली काउंटी निवडण्याची सोय नसते, आणि मग त्या ट्रान्समीटरच्या कक्षेतील प्रत्येक काउंटीच्या इशाऱ्याला तो वाजतो. मध्यरात्री दोन-तीनदा विनाकारण जाग आली की माणसे अलार्म बंद करून टाकतात, आणि हे फार धोक्याचे आहे.

वादळानंतर वीज नव्हती, मोबाइलचे नेटवर्क नव्हते, आणि रात्री एएमवर दूरदूरची स्टेशने लागत. त्यांपैकी एकावर एक उपदेशक सांगत होता की हे वादळ म्हणजे या किनाऱ्यावरील लोकांच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. मी ख्रिस्ती आहे, भविष्यवाद, म्हणजे संदेष्ट्यांकरवी आलेला देवाचा शब्द, मनापासून मानतो, आणि बायबलमधील लूकच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू येशूने समुद्राच्या व लाटांच्या गर्जनेबद्दल जे सांगितले आहे ते मला अक्षरशः खरे वाटते; म्हणूनच ते प्रवचन ऐकताना मला अतिशय दुःख झाले. शेजारच्या गल्लीत छप्पर गमावलेल्या वृद्ध बाई दर रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसतात. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे प्रभूने स्वतः विचारले आणि नाही असे उत्तरही दिले. मग पश्चात्तापाची हाक ऐकणाऱ्यांनाच दिली. २००५ मध्ये हरिकेन कतरिनानंतरही न्यू ऑर्लिन्सच्या पापांची यादी वाचली गेली होती, पण तेव्हा कालव्याच्या भिंती फुटून बुडाला तो कष्टकऱ्यांचा, चर्चांनी भरलेला लोअर नाइन्थ वॉर्ड, आणि मौजमजेसाठी प्रसिद्ध असलेल्या ज्या फ्रेंच क्वार्टरकडे बोट दाखवले जात होते तो उंचवट्यावर असल्यामुळे बहुतांशी कोरडा राहिला.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियाला येऊन मोठा दुष्काळ पडणार असल्याचे सांगतो. तेथील शिष्य हा दुष्काळ कोणाच्या पापामुळे पडणार, असे विचारत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांसाठी मदत पाठवण्याचे ठरवतो. संकट येण्याआधी बोललेला आणि ऐकणाऱ्याला कामाला लावणारा शब्द, ही माझ्या समजुतीप्रमाणे भविष्यवादाची खूण आहे, आणि आपत्तीनंतर परक्याच्या माथी दोष मारणारे बोलणे, त्यात वचनांचा कितीही आधार घेतलेला असो, त्या कसोटीला उतरत नाही. वेदर बँडवरील यंत्राला मी संदेष्टा म्हणणार नाही, परंतु त्या यंत्रामागे रात्र जागून आकडे तपासणारी माणसे होती, आणि त्यांच्या इशाऱ्यामुळे आम्ही वेळेवर आत गेलो. त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

तेव्हा खरेदी करताना एकाऐवजी दोन रेडिओ घ्यावेत, असे मी सुचवेन. घरात कायम प्लगला लावून ठेवण्यासाठी काउंटी निवडता येणारा टेबलावरचा रेडिओ, ज्यात बॅटरीचीही सोय असते, आणि वीज गेल्यावर हाताशी राहील असा हँडलचा रेडिओ. टेबलावरच्या रेडिओत आपल्या काउंटीचा कोड टाकणे वृद्धांना जमत नाही, बटणे बारीक असतात आणि सूचनापत्रिका त्याहून बारीक अक्षरांत असते. आमच्या मंडळीतील तरुण दरवर्षी १ जूनला मोसम सुरू होण्याआधी घरोघरी जाऊन हे काम करून देतात: आमच्या बे काउंटीचा कोड ०१२००५ टाकायचा, बॅटरी बदलायची, आणि बुधवारी होणारी साप्ताहिक चाचणी त्या घरात खरोखर वाजते का, हे फोन करून विचारायचे.