चित्रकाराचं घर, नोकराची नजर: आधी ग्रीट वाचावी की हुआन?

चित्रकाराच्या घरात राबणाऱ्या माणसाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी शोधायला गेलं की दोन नावं हमखास पुढे येतात. ट्रेसी शेव्हेलिए यांची ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ (१९९९) आणि एलिझाबेथ बॉर्टन दे त्रेविन्यो यांची ‘आय, हुआन दे परेहा’ (१९६५). पहिलीत सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या घरी कामाला लागलेली ग्रीट बोलते, दुसरीत त्याच शतकातला स्पॅनिश दरबारी चित्रकार वेलास्केझ याच्या घरचा गुलाम हुआन. या दोघांची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल सांगत बसत नाही. सध्या एकाच पुस्तकाला सवड असेल तर कुठलं उचलावं, तेवढं बोलतो.

हुआनची बाजू आधी, कारण कागदावर तीच भक्कम दिसते. ग्रीट लेखिकेच्या कल्पनेतली आहे. व्हर्मीरच्या ज्या चित्रावरून कादंबरीला नाव मिळालं, त्यातली मोत्याचं कानातलं घातलेली ती मुलगी कोण होती, हे आजवर कुणालाच ठाऊक नाही. हुआन मात्र खरोखर होऊन गेला. १६५० साली रोममध्ये वेलास्केझने काढलेलं त्याचं व्यक्तिचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि त्याने स्वतः १६६१ मध्ये रंगवलेला मोठा कॅनव्हास माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. गुलामाने चित्रं काढायची नाहीत असा कायदा, आणि हा लपूनछपून काढतो, हा धागा लेखिकेने छान ताणून धरलाय. सेव्हिलमधलं बालपण, तिथली प्लेगची साथ, माद्रिदपर्यंतचे हाल हा भाग तर सुरेखच आहे. मुलांच्या पुस्तकांसाठीचं १९६६ चं अमेरिकी न्यूबेरी पदक या पुस्तकाला उगाच मिळालेलं नाही.

तरीही मी अडलो तो हुआनच्या कृतज्ञतेपाशी. मालक थोर, मालक शांत, मालक न्यायी. ज्या माणसाच्या मालकीचे आपण आहोत त्याच्याविषयी मनात कधी कडवटपणा साचला असेल, तर तो या पानांत टिकत नाही. निदान मला तरी तसं जाणवलं. कादंबरीत त्याची सुटका माद्रिदला, राजाच्या देखत, एका क्षणात होते. प्रत्यक्षातला मुक्तिपत्राचा दस्त २३ नोव्हेंबर १६५० चा, रोममधला, आणि त्यात अट आहे: आणखी चार वर्षं चाकरी करायची. ‘तू मोकळा’ असं लिहून मिळाल्यावरही रोज सकाळी त्याच माणसाचे रंग घोटायला उभं राहायचं! त्या चार वर्षांत हुआनच्या मनात काय चाललं असेल, ते मला वाचायचं होतं. पुस्तक १९६५ चं, कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेलं, हे मान्य. पण ही रुखरुख काही गेली नाही.

ग्रीटकडे ती कृतज्ञता नाही, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. ती घराकडे कामाच्या बाजूने बघते: धुण्याने फुटलेले हात, मटणबाजारातल्या खेपा, प्रॉटेस्टंट मुलीने कॅथलिक घराच्या तळघरात क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या चित्रासमोर झोपणं. चित्रशाळेतली एकही वस्तू तसूभर न हलवता धूळ पुसायची, म्हणून ती हाताच्या आणि बोटांच्या मापाने अंतरं लक्षात ठेवते. माझ्या मते चित्रकलेबद्दल हे पुस्तक जे काही सांगतं, ते या झाडपुशीतून सांगतं. भट्टीच्या स्फोटात डोळे गमावलेला तिचा बाप फरशांवर चित्रं काढणारा कारागीर. रविवारी घरी गेली की ती त्याला मालकाची चित्रं शब्दांत सांगते, आणि तो अडवून विचारत राहतो. ही पानं मी पुन्हा पुन्हा वाचतो. मालक तिला समोर बसवून चित्र काढतो तेव्हा त्याला ते पुरं व्हायला हवंय, आपलं पुढे काय होईल ही काळजी त्याची नाही, हे ओळखण्याइतकी ती शहाणी आहे.

दोष तिच्याही पुस्तकात आहेत. मालकाविषयीची ओढ कधी कधी जरा जास्तच रेंगाळते. व्हर्मीरची बायको कातरीना एकाच रंगात रंगवली आहे, असं मला वाटतं. १६७५ च्या डिसेंबरात नवरा गेला तेव्हा अकरा मुलं आणि कर्ज तिच्या पदरात होतं. तिच्या भावाने तिला मारहाण केल्याची साक्ष १६६६ साली तान्नेके एव्हरपूल या घरातल्याच मोलकरणीने दिली होती. तान्नेके कादंबरीतही आहे, पण ग्रीटवर धुसफुसणारी जुनी नोकर म्हणून. तिच्या तोंडून हे घर ऐकायला मला फार आवडलं असतं.

घरात बारा-तेरा वर्षांचं वाचणारं मूल असेल तर त्याच्या हातात हुआन द्या, आणि चार वर्षांच्या अटीबद्दल नंतर त्याच्याशी बोला. स्वतःसाठी घेत असाल तर मी ग्रीटकडे बोट दाखवीन. फक्त २००३ चा चित्रपट आधी पाहू नका. तो दिसायला देखणा आहे, पण कादंबरीच्या शेवटी दहा वर्षांनंतरचं जे प्रकरण येतं, त्याच्या आधीच तो थांबतो.