झेड ड्राइव्ह की थेट सर्व्हरचा पाथ? जुन्या फॉक्सप्रोसाठी काय बरं

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधलं बिलिंग अजून चालवताय आणि सकाळी सकाळी 'फाइल सापडत नाही' येतंय, तर आधी माय कम्प्युटर उघडून झेडवर, म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर ज्या अक्षराने जोडलंय (मॅप केलंय) त्या ड्राइव्हवर, लाल फुली आहे का बघा. बऱ्याचदा नेटवर्क जोडलं जायच्या आधीच विंडोज ड्राइव्ह जोडायला जातं आणि तिथेच अडकतं, डबल क्लिक केलं की ड्राइव्ह उघडतो आणि सॉफ्टवेअरही चालू होतं. आमच्या काउंटरवरच्या पीसीला हे रोजचंच होतं.

मॅप केलेल्या ड्राइव्हचा दुसरा ताप म्हणजे तो त्या युजरपुरताच असतो. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं की सॉफ्टवेअरला झेड दिसतच नाही, एक्सप्लोररमध्ये मात्र समोर दिसत असतो, माणूस चक्रावतो! शेड्यूल केलेल्या बॅकअपचंही तेच. शिवाय 15 मिनिटं वापर झाला नाही तर सर्व्हर कनेक्शन तोडतो, ही डिफॉल्ट सेटिंग आहे.

थेट पाथला, म्हणजे दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव, मग फोल्डर, यातलं लाल फुली आणि अ‍ॅडमिनचं झंझट नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 ला तो व्यवस्थित कळतो, म्हणून तिथे मी डोळे झाकून हाच देईन. पण डॉसवाल्या फॉक्सप्रो 2.6 ला ड्राइव्हचं अक्षरच लागतं, कमांड प्रॉम्प्टसुद्धा असल्या पाथवर थेट जात नाही. तिथे झेडच ठेवा, फक्त बॅच फाइलमध्ये आधी 'नेट यूज' या कमांडने ड्राइव्ह जोडा आणि मगच प्रोग्राम सुरू करा.

फोल्डरमध्ये लिहायची (राइट) परमिशन नसेल तर दोन्हीही चालणार नाहीत, ते पहिलं तपासा.