काकूंच्या डब्यात गूळ आहे, साखर नाही

सोलापुरात नवी पेठेतल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानातून 60 रुपयांना घेतलेली ही कोड्यांची पुस्तिका. आडवे-उभे शब्द भरायची कोडी नव्हेत. 'हे चालतं, ते चालत नाही' अशा जोड्या दिलेल्या, त्यामागचा लेखनाचा नियम आपण हुडकायचा. इंग्रजीत 'ग्रीन ग्लास डोअर' म्हणून खेळ आहे, त्यातलाच प्रकार. त्या दारातून ॲपल आत जातं, मँगो बाहेर राहतो, कारण ॲपलच्या स्पेलिंगमध्ये पी लागोपाठ दोनदा येतो.

मी लग्नपत्रिका नि फ्लेक्सचं डीटीपी करतो, म्हणजे दिवसभर वेलांट्या-उकारांशीच भांडण. तरी एका कोड्यानं आम्हा सगळ्यांना घुमवलं. काकूंच्या डब्यात मीठ आहे, मिरी नाही. दूध आहे, दही नाही. तूप आहे, लोणी नाही. उपासाचं, पथ्याचं, सगळं म्हणून झालं. पुढे गूळ आहे, साखर नाही. ज्वारीचं पीठ आहे, विद्यापीठ नाही. पंढरपूर आहे, बार्शी नाही. आणि सुख नाही, दुःखही नाही!

ओळखलं ते पूर्व भागातल्या एका तेलुगू घरातल्या मुलीनं, पत्रिकेचं प्रूफ बघायला आली होती. प्रत्यय लावा म्हणाली. मिठाचा, दुधाचा, तुपाचा, गुळाचा, पंढरपुरात. दीर्घाचा ऱ्हस्व होतो ते सगळे डब्यात. विद्यापीठ संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, ते 'विद्यापीठात'च राहतं. नुसतं 'शेवटून दुसरं दीर्घ' म्हणून थांबणारा इथंच आपटतो. 1962 साली शासनानं मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम शाळेत रटाळ वाटतात, ते असे डब्यात भरून दिले की पोरं भांडतात.

सगळी कोडी या तोडीची नाहीत. 'कडक आहे, मऊ नाही. नवीन आहे, जुनं नाही' हे उलटसुलट वाचायचं कोडं लहान पोरंही चटकन फोडतात. जोडाक्षराच्या कोड्यात अक्कलकोट, बार्शी आत. माढा, सांगोला बाहेर. रफार धरला, अनुस्वार नाही, तो का, हे एका ओळीत सांगायला हवं होतं.

खरी तक्रार प्रूफाची. मागच्या एका कोड्यात 'नाही'च्या बाजूला विष आहे, ते 'वीष' छापलंय. दुसऱ्या पुस्तकात खपून गेलं असतं; इथं कोडंच मेलं की ओ! उत्तरंही त्याच पानाखाली उलटी छापलेली, डोळा जातोच. वर कागद इतका पातळ की पलीकडचं दिसतं.

तरी घ्या. सातवी-आठवीच्या पुढच्यांना जमेल, त्याखाली जबरदस्ती नको. माझी प्रत काउंटरवरच असते. गिऱ्हाईक मजकुरात 'सोलापूरात' लिहून आणतं आणि 'असंच छापा' म्हणतं, तेव्हा मी आधी काकूंचं पान पुढे सरकवतो.