वय झालं म्हणून राजीनामा मागायलेत: युनियन, कामगार ऑफिस का विधी सेवा?

संभाजीनगरच्या एमआयडीसीत वाळूज घ्या, चिकलठाणा घ्या नाहीतर शेंद्रा, पन्नाशीकडं झुकलेल्या कायम कामगाराला बाजूला काढायची पद्धत सारखीच. आधी लाईन बदलायची, मग काल आलेल्या ट्रेनीसमोर बोलायचं, आणि एक दिवस एचआरमधे बसवून राजीनाम्याचा कागद पुढं सरकवायचा. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी तिन्हीकडं जाऊन आलो, म्हणून लिहायलो.

खाजगी कंपनीत नुसता वयावरून भेदभाव केला म्हणून दाद मागायला आपल्याकडं वेगळा कायदा नाही. त्यामुळं आपलं गाऱ्हाणं कामगार कायद्यात कुठं बसतं हे सांगणारा माणूस लागतो. म्हणजे कपात करायची तर त्या कामात शेवटी आलेला साधारणपणे आधी जातो, नोकरीच्या दर वर्षामागं १५ दिवसांच्या पगाराची भरपाई असते, स्थायी आदेशात, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमात, निवृत्तीचं वय काय लिहिलंय, असं. आणि स्वतःच्या सहीनं राजीनामा गेला की ही भरपाई मागणं फार अवघड होतं, ५ वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी तेवढी मिळते.

युनियनची ताकद मी नाकारत नाही. वीस-पंचवीस जणांना एकदम काढायलेत तर डोळे झाकून तिकडंच जा, करार त्यांनी केलेला असतो, मॅनेजमेंटमधला कोण कुठं नमतो हे त्यांना पाठ असतं. पण मी एकटा होतो आणि अजून कामावर होतो. प्रतिनिधीला सांगितलं तर ते चहाच्या टपरीवर, चार जणांच्या देखत, मोठ्यानं, "तुम्ही काय घाबरू नका दादा" म्हणत, मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, पण दुसऱ्या शिफ्टला मी गेटमधून आत जायच्या आधीच सुपरवायझरला सगळं माहीत, "वकील बघायलात म्हणे" असं तोंडावर विचारलं त्यानं. तिथून पुढं प्रत्येक चुकीची लेखी नोंद व्हायला लागली. सल्ला घ्यायच्या आधीच बातमी कंपनीत पोचली, आणि नोकरी टिकवायची असणाऱ्या माणसाला हेच सगळ्यात महाग पडतं. माझ्यापुरता निर्णय इथंच झाला.

सरकारी कामगार ऑफिसात माणसं नीट ऐकून घेतात, पण त्यांचं काम समेट घडवायचं. अर्ज दिला की कंपनीला नोटीस जाणार, दोन्ही बाजू समोरासमोर बसणार. कामावरून काढून टाकलं असेल तर हा रस्ता बरोबरच आहे, जायला उशीर करू नका. नव्या श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, म्हणून दाद मागायची मुदत किती ते पहिल्याच भेटीत विचारा. पण अजून काढलं नसेल आणि फक्त समजून घ्यायचं असेल तर मला ते घाईचं वाटतं.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात असतं, संभाजीनगरात अदालत रोडला. तालुक्याच्या कोर्टातही समिती असते, १५१०० वर फोनही लागतो. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे आपल्याकडं फार कमी जणांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. मी गेलो तेव्हा वकीलबाईंनी दार लोटून घेतलं, नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा शांतपणे वाचल्या, आणि सही करू नका, काय म्हणायचं ते लेखी द्या असं कंपनीलाच सांगा म्हणाल्या. कंपनीला एक फोन गेला नाही. प्राधिकरणाच्या यादीतला (पॅनेलवरचा) प्रत्येक वकील कामगार केसेस करणारा असेलच असं नाही, तेव्हा तसाच द्या म्हणून आधीच मागणी करा. मला तरी एवढ्या एका भेटीनं रात्रीची झोप लागायला लागली.

तुम्ही सुपरवायझर असाल आणि पगार महिना १८,००० च्या वर असेल तर नव्या औद्योगिक संबंध संहितेत तुम्हाला कामगार धरत नाहीत, मग वरचं बरंचसं गणित बदलतं. तशा माणसानं कामगार कोर्टात रोज उभा राहणारा खाजगी वकील एकदा पैसे देऊन गाठलेला बरा. बाकी कुठंही जा, नेमणूकपत्र, स्थायी आदेशांची प्रत आणि एचआरचे व्हॉट्सॲप मेसेज सोबत असू द्या, आणि तोपर्यंत लाईनवर कुणाजवळ बोलू नका.